टस्कनी-उम्ब्रियात स्वतः गाडी चालवत निवांत फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीला जायचं ठरलं की बहुतेक लोक रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस ट्रेनने करून येतात आणि त्यात वाईट काही नाही. पण मधल्या टस्कनी आणि उम्ब्रिया या प्रांतांत जी डोंगरावरची जुनी गावं आहेत, सिएना, पिएन्झा, ओर्व्हिएतो, स्पेलो वगैरे, ती नीट बघायची तर गाडी लागते. आता गाडी म्हटलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, तीच इथे एका जागी उतरवून काढलीय.

किती दिवस लागतील?

दहा-बारा दिवस असतील तर मस्त. आठ असतील तर उम्ब्रिया किंवा टस्कनी, दोन्हीपैकी एकच करा, दोन्हीचा हट्ट धरू नका. आपल्याकडे आयटिनरी बनवताना एक सवय आहे, नकाशावर दोन गावांमध्ये २० किलोमीटर दिसलं की लगेच "हे पण उरकून टाकू", आणि मग दिवसाला चार गावं होतात आणि रात्री हॉटेलवर बसून फोटो बघताना कुठलं चर्च कुठल्या गावातलं यावर नवरा-बायकोत वाद. दिवसाला एक मोठं गाव किंवा दोन छोटी, बास. आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही.

मग रूट कसा ठेवायचा? रोज हॉटेल बदलायचं का?

अजिबात नाही. गाडीचे दोन किंवा तीन मुक्काम पक्के करा आणि तिथून रोज सकाळी निघून संध्याकाळी परत या. मला आवडणारा रूट सांगतो, बारा रात्रींचा, दिवस कमी असतील तर रात्री कमी करा. रोमला उतरायचं, फास्ट ट्रेनने दीडेक तासात फ्लोरेन्स. तिथे तीन रात्री, गाडीशिवाय. फ्लोरेन्स सोडायच्या दिवशी गाडी घ्यायची, तीसुद्धा शहराच्या मध्यातून नाही, एअरपोर्टवरून घ्या, ट्राम थेट जाते. तिथून लुक्का, ७५-८० किलोमीटर, दोन रात्री. मग सिएनाच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा नावाचं खोरं आहे तिथे सान क्विरिको किंवा पिएन्झाच्या आसपास चार रात्री, आणि शेवटी उम्ब्रियात स्पेलो किंवा बेव्हान्याजवळ तीन रात्री. जाताना ओर्व्हिएतो करून परत रोम.

लुक्का लोक वगळतात ते मला पटत नाही. पूर्ण गावाभोवती तटबंदी शाबूत आहे, चार किलोमीटरच्या थोडी वर, आणि ती इतकी रुंद की वरून झाडांच्या सावलीतून सायकली चालतात. भाड्याने सायकल घ्यायची आणि दोन चकरा मारायच्या. आत एक लंबगोल चौक आहे, जुन्या रोमन अँफिथिएटरच्या पायावरच घरं बांधली म्हणून तो आकार तसाच राहिला. लुक्का पूर्ण सपाट आहे हे अजून एक, कारण पुढचं सगळं चढाचं आहे.

आपलं लायसन्स चालतं का?

भारतीय लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही लागतात. परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं, परिवहनच्या साइटवरून अर्ज करायचा, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट वगैरेच्या कॉप्या लागतात, आणि ते एक वर्ष चालतं. व्हिसा हातात आल्यावर पळापळ होते तेव्हा मध्ये पुरेसे दिवस ठेवा. रेंटलच्या काउंटरवर कधी कधी परमिट मागतसुद्धा नाहीत, त्यामुळे "माझ्या मित्राला काही लागलं नव्हतं" असं सांगणारे खूप भेटतील. पण रस्त्यात पोलिसांनी थांबवलं किंवा अपघात झाला तर मित्र येणार नाहीये.

अमेरिका, दुबईत वगैरे राहणाऱ्यांनी लायसन्स ज्या देशाचं, तिथलंच परमिट काढायचं.

व्हिसा?

शेंगेन टुरिस्ट व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. अपॉइंटमेंट लवकर धरा, मे महिन्याच्या सुट्टीसाठी अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी उठतो.

डाव्या हाताला स्टिअरिंग, उजव्या बाजूने गाडी. जमेल का?

जमतं. पहिला तास जरा छातीत धडधड होते, नंतर हात आपोआप वळतो. त्रास होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना वगैरे, समोर कोणी नसलं की आपण सवयीने डावीकडे जातो, तेव्हा शेजारी बसलेल्याने फोन खाली ठेवून "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत राहायचं हेच त्याचं काम. दुसरं म्हणजे गाडीची उजवी बाजू कुठे संपते याचा अंदाज येत नाही आणि अरुंद गल्लीत उजवा आरसा भिंतीला घासतो. म्हणून लहान गाडी घ्या. आणि ऑटोमॅटिक घ्या, डाव्या ऐवजी उजव्या हाताने गिअर टाकायचं आणखी एक टेन्शन कशाला. इटलीत मॅन्युअल सर्रास असते, ऑटोमॅटिक कमी आणि महाग, त्यामुळे बुकिंग करतानाच मागायची, काउंटरवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

राउंडअबाउटला आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आणि जिथे काहीच बोर्ड नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. हॉर्न वाजवायची सवय विमानतळावरच सोडून या.

गाडी घेताना काय बघायचं?

क्रेडिट कार्ड, डेबिट नाही, आणि ते मुख्य ड्रायव्हरच्या नावावर. त्यावर डिपॉझिट ब्लॉक होतं, लिमिट तेवढी हवी. बेसिक इन्शुरन्समध्ये एक रक्कम आपल्या खिशातून जाते, ती शून्य करणारं कव्हर घ्यायचं की नाही ते घरूनच ठरवून जा कारण रात्रभर प्रवास करून काउंटरवर उभं राहिलं की माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण कव्हरमध्येही टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा नसतो, आणि टस्कनीत खडीचे पांढरे कच्चे रस्ते भरपूर, सुंदर सायप्रसच्या रांगा त्यांच्याच कडेला. हे वाचून घ्या.

गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट. दोन मोठ्या बॅगा डिकीत बसतात का ते बघा, कारण बाहेरून बॅगा दिसणारी गाडी पार्किंगमध्ये सोडून गावात फिरायला जाणं म्हणजे चोराला आमंत्रण. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच.

झेडटीएल हे काय प्रकरण आहे? सगळे घाबरवतात.

घाबरायचं कारण नाही, पण समजून घ्यायलाच हवं, कारण इटलीहून परतलेल्यांना महिन्यांनी जे दंडाचे कागद येतात त्यातले बरेच याचेच असतात.

जुन्या गावांच्या मध्यभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, त्या हद्दीला झेडटीएल म्हणतात. प्रवेशाच्या तोंडाशी लाल कडेचा पांढरा गोल बोर्ड असतो, खाली वेळा लिहिलेल्या असतात आणि वर कॅमेरा. अडवायला कोणी माणूस नसतो, फाटक नसतं, तुम्ही आरामात आत जाता आणि तुमच्या नंबर प्लेटचा फोटो निघतो. चुकून वेगवेगळ्या दिवशी आत गेलात तर प्रत्येक दिवसाचा वेगळा दंड. पोलीस रेंटल कंपनीकडे नाव-पत्ता मागतात, त्याची फी कंपनी आधी तुमच्या कार्डातून कापते आणि खरा दंड नंतर घरी येतो. बोर्डावर 'वार्को आत्तीव्हो' असं पेटलेलं दिसलं तर बंदी चालू, 'नॉन आत्तीव्हो' असेल तर बंद. पण चालत्या गाडीत हे वाचायला दोन सेकंद मिळतात, म्हणून मी म्हणतो वाचायची वेळच येऊ देऊ नका.

नॅव्हिगेशनवर विसंबू नका, ते तुम्हाला खुशाल आतून नेईल. सोपा नियम असा की नॅव्हिगेशनमध्ये गावाचं नाव टाकायचंच नाही, पार्किंगचं नाव टाकायचं. सिएनाला सान्ता कातेरिना पार्किंग, तिथून सरकत्या जिन्यांनी वर गावात. ओर्व्हिएतोला काम्पो देल्ला फिएरा, तिथूनही लिफ्ट आणि सरकते जिने. पेरुजाला पार्तिज्यानी, आणि इथले सरकते जिने एका पुरलेल्या गावातून जातात, म्हणजे खरंच, १५४० नंतर पोप तिसरा पॉल याने शहराला धडा शिकवायला म्हणून इथल्या बड्या घराण्याच्या घरांवर किल्ला बांधला, ती घरं, गल्ल्या खाली तशाच राहिल्या आणि आज पार्किंगमधून वर जाताना तुम्ही त्या विटांच्या गल्ल्यांमधून जाता. पार्किंगपासूनच बघायला सुरुवात होते असं गाव दुसरं मला माहीत नाही.

हॉटेलच झेडटीएलच्या आत असेल तर आधी त्यांना मेल करा, ते तुमचा नंबर नोंदवून देतात. पण तशी हॉटेलं गाडीवाल्यांनी टाळलेलीच बरी.

फ्लोरेन्सला दिवसभरासाठी गाडीने जायचं असेल तर?

ए-वन हायवेला लागूनच व्हिला कोस्तान्झा नावाचं पार्किंग आहे, हायवेवरून थेट आत शिरता येतं, टोलनाक्यातून बाहेर पडायचीसुद्धा गरज नाही, आणि तिथूनच ट्राम शहरात. फारच हुशारीने केलंय.

टोल, पेट्रोल, स्पीड?

हिरवे बोर्ड म्हणजे टोलचा हायवे, निळे म्हणजे बाकीचे रस्ते. बोर्डावर फ्लोरेन्स शोधू नका, फिरेन्झे लिहिलेलं असतं. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. नुसतं पिवळं टेलिपास (आपल्या फास्टॅगसारखं) लिहिलेल्या लेनमध्ये घुसायचं नाही. फ्लोरेन्स-सिएना हा जलद रस्ता फुकट आहे, पेरुजाकडे जाणारा बेत्तोलेपासूनचाही फुकट.

पंपावर बेन्झिना म्हणजे पेट्रोल. गासोलिओ म्हणजे डिझेल, नाव ऐकून फसू नका, गाडी घेतानाच झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. स्वतः भरलं तर स्वस्त, माणसाने भरलं तर महाग. दुपारी आणि रविवारी छोट्या गावात फक्त मशीन चालू असतं.

स्पीड हायवेला १३० आणि पावसात ११०, साध्या रस्त्याला ९०, वस्तीत ५०. गावाबाहेर दिवसाही लाइट लावायचे. दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. किआन्तीच्या द्राक्षमळ्यांमधून जाणार असाल तर वाइन टेस्टिंग कोण करणार आणि गाडी कोण चालवणार हे सकाळीच ठरवा. इमर्जन्सीला ११२.

पार्किंगच्या रेषांचे रंग?

निळी म्हणजे पैसे, पांढरी फुकट पण कधी कधी वेळेची मर्यादा असते, तेव्हा काचेमागे पुठ्ठ्याचं घड्याळ लावायचं, ते गाडीतच असतं. पिवळी आपल्यासाठी नाही. आणि झाडूवाल्या गाडीचं चित्र असलेला बोर्ड असेल तर त्यावरचा वार बघा, त्या रात्री रस्ता धुतात आणि गाडी उचलून नेतात.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल मध्य ते जून सुरुवात, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबर मध्य. मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीला जुळतो आणि तेव्हा गव्हाची शेतं हिरवीगार असतात, पॉपीची लाल फुलं मध्येमध्ये, त्यामुळे प्रश्नच नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि मग पाचनंतर अंधार, बरीच शेतघरंही (शेतावरची राहण्याची ठिकाणं) तेव्हा बंद व्हायला लागतात. पण ऑलिव्हची तोडणी चालू असते आणि नुकतं काढलेलं तेल भाजलेल्या पावावर मिळतं, ते हिरवं आणि घशाला झोंबणारं असतं.

ऑगस्ट नको. उकाडा, आणि १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर. सिएनाची घोड्यांची शर्यत, पालियो, २ जुलै आणि १६ ऑगस्टला असते, ती बघायची हौस नसेल तर त्या दिवशी सिएनाच्या आसपाससुद्धा फिरकू नका.

शाकाहारी माणसाचं काय?

टस्कनी मांसाहारासाठी प्रसिद्ध आहे पण मुळात शेतकऱ्यांचं जेवण असल्यामुळे डाळ-भाजी-पाव भरपूर. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढरे वाल आणि काळपट कोबी घालून शिजवलेलं घट्ट सूप. पिची हे जाड हाताने वळलेलं नूडल, ते लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये मागा. पिएन्झाचं मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज मधाबरोबर. तरी सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, सॉसमध्ये मासा आहे का विचारायचंच. आणि जे अगदी कडक पाळतात त्यांनी हे माहीत करून घ्या की पेकोरिनो, पार्मिजानो ही पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, बनतात.

पावात मीठ नसतं, तक्रार करू नका, तिथली पद्धतच आहे. बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात तेही फसवणूक नाही. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसात शिवाय नाही, मध्ये किचन बंद. त्यामुळे गाडीत चकली, लाडू, थेपले असू द्या, यात कमीपणा काही नाही. शेतघरात किचन असेल तर कुकर नसला तरी खिचडी होते, तांदूळ-डाळ कुठल्याही सुपरमार्केटला मिळतात.

शेतघर म्हणजे ते आग्रितुरिस्मो का?

तेच. चालू शेतीवरचं राहण्याचं ठिकाण. गाडीवाल्यांसाठी यासारखं दुसरं काही नाही, दारात फुकट पार्किंग, झेडटीएल नाही, मालकीणबाईंच्या हातचं जेवण सांगून ठेवलं तर मिळतं. शेवटचा किलोमीटर बहुतेक वेळा कच्चा, म्हणून पहिल्या दिवशी उजेडात पोचा. टुरिस्ट टॅक्स वेगळा, माणशी दर रात्रीचा, तिथेच द्यायचा.

आई-बाबा सोबत आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, पण गावं निवडून. लुक्का आणि बेव्हान्या सपाट. पिएन्झा वर पोचलं की आत जवळजवळ सपाट आणि एवढुसं आहे. याच गावात १४०५ साली जन्मलेला मुलगा पुढे पोप झाला, दुसरा पायस, आणि त्याने १४५९ पासून आपलं खेडं पाडून आदर्श शहर बांधायला घेतलं, स्वतःचं नाव देऊन. मग तो वारला आणि गाव तिथेच थांबलं. तटावरच्या बाकावर आई-बाबांना बसवून द्या, समोर अख्खं खोरं दिसतं, तुम्ही तासभर भटकून या.

मोन्तेपुल्चानो, कोर्तोना, असिसीला मात्र खडा चढ आणि गुळगुळीत दगड. ओर्व्हिएतोची सान पात्रित्सियोची विहीर त्यांनी वरूनच बघावी. १५२७ ला रोम लुटलं गेल्यावर पळून आलेल्या पोपने वेढ्यात पाणी पुरावं म्हणून ती खणायला लावली, ५० मीटरहून खोल, एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, २४८-२४८ पायऱ्यांचे, म्हणजे पाणी आणायला उतरणारी खेचरं आणि चढणारी खेचरं समोरासमोर येतच नाहीत. सोलापूर-साताऱ्याकडच्या बारवा बघितलेल्या माणसाला ती विहीर जास्त आवडेल.

आणि हो, तिथे 'बार' म्हणजे सकाळी कॉफी पिण्याची जागा. आई-बाबांना आधी सांगून ठेवा. कॉफी घेतली की टॉयलेटचीही सोय होते.

सिएनाला किती वेळ द्यावा?

पूर्ण दिवस, आणि संध्याकाळ नक्की. १९६६ लाच त्यांनी जुन्या शहराच्या मध्यातून गाड्या काढल्या, त्यामुळे चालायला मजा येते. मुख्य चौक शिंपल्यासारखा उतरता, लोक जमिनीवरच बसतात. कॅथेड्रलच्या बाजूला एक भलीमोठी अर्धवट भिंत उभी आहे ती चुकवू नका. १३३९ मध्ये त्यांना आहे ते चर्च इतकं वाढवायचं होतं की जुनं त्याचा एक हात ठरलं असतं, मग १३४८ ची प्लेगची साथ आली, माणसं गेली, पैसा गेला, काम थांबलं. त्या भिंतीवर चढून शहर बघता येतं. सान जिमिन्यानोला मात्र सकाळी लवकर किंवा पाचनंतरच जा, उंच मनोरे छान आहेत पण दुपारी टुरिस्ट बसेसची इतकी गर्दी असते की मनोरे सोडून टोप्याच दिसतात.

आपल्याशी संबंधित काही आहे का तिकडे?

आहे, आणि हा प्रश्न कमी लोक विचारतात म्हणून मीच घातलाय.

फ्लोरेन्सच्या पश्चिमेला कॅशीने नावाची मोठी बाग आहे. तिच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर छत्रीखाली एका तरुण राजाचा पुतळा आहे, डोक्यावर फेटा. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय जेमतेम विशीचं. संगमावरच अग्निसंस्कार झाले, आणि १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक त्यांच्यावरूनच 'इंडियन'चा पूल म्हणतात. बागेतून चालत किंवा सायकलने जा, लांब आहे.

दुसरं उम्ब्रियात, पेरुजाच्या उत्तरेला मोन्तोने. डोंगरावरचं चिमुकलं गाव, पेरुजाहून ४० किलोमीटरच्या आसपास. याच टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतले सगळे पडल्यावर, एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ते घेतलं आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, गोवा हायवेने जाताना अनेकांनी बघितला असेल. मोन्तोनेमध्ये २०२३ ला त्यांच्या नावाने सनडायलचं, म्हणजे सूर्यघड्याळाचं, स्मारक झालं. टूर कंपन्यांच्या यादीत हे सहसा नसतं, पण गाडी आपली आहे ना, मग अर्धा दिवस काढाच. अरेत्झोच्या युद्ध स्मशानभूमीतही त्या लढाईतले भारतीय सैनिक आहेत, टस्कनीतून उम्ब्रियाकडे जाताना थोडी वाट वाकडी करावी लागते.

गाडी परत करताना?

छोट्या गावातली रेंटलची ऑफिसं दुपारी बंद असतात, रविवारी तर बऱ्याचदा पूर्ण दिवस, वेळ आधी बघून घ्या. टाकी भरून पावती ठेवा, परत एकदा व्हिडिओ काढा. वेगळ्या शहरात सोडायची तर त्याचे जादा पैसे पडतात.

शेवटचे दोन दिवस रोममध्ये आहेत, तिथे गाडी ठेवू का?

नको. ओर्व्हिएतोला किंवा रोमच्या एअरपोर्टवर सोडा आणि ट्रेनने आत जा.